दत्तक लॅटिन

लॅटिन ही मेलेली भाषा आहे, असं जाणकार सांगतात. असेलही. पण आमच्या सातारा-सांगलीकडे या मयताच्या मागे जेवढी कामं आहेत तेवढी धडधाकट माणसाच्या मागेसुद्धा नाहीत. सकाळी साताऱ्याच्या स्टँडवर जाऊन बघा. गाडीच्या पाटीवर 'सांगली, कराड मार्गे' असं शुद्ध मराठीत लिहिलेलं असतं आणि त्याच पाटीखाली उभा राहून कंडक्टर 'सांगलीऽऽ व्हाया कराड' असं लॅटिनमध्ये ओरडत असतो. 'व्हिया' म्हणजे लॅटिनमध्ये रस्ता. म्हणजे तोही 'मार्गे'च म्हणतो आहे, फक्त सीझरच्या बोलीत. गाडीत शेजारच्या पोराच्या हातात शाळेचं बोनाफाईड असतं, पुढच्या बाकावरचे पाव्हणे ॲफिडेव्हिट करायला निघालेले असतात आणि मागे इंजिनिअरिंगचं एक पोरगं 'उद्या व्हायव्हा आहे' म्हणून पांढरंफटक पडलेलं असतं. 'व्हायव्हा व्होसी' म्हणजे जिवंत आवाजाने. प्रत्यक्षात त्या दिवशी आवाज सोडून बाकीचा विद्यार्थी तेवढा जिवंत असतो. वेळापत्रकावर गाडीची वेळ '१० ए.एम.' लिहिलेली असते. 'अँटे मेरिडिएम', म्हणजे मध्यान्हीच्या आत. एवढ्यापुरतं लॅटिन प्रामाणिक आहे. दहाची गाडी मध्यान्हीच्या आत सुटते.

या विषयावर बोलायचा अधिकार मला दोन बाजूंनी मिळालेला आहे. माझं आजोळ साताऱ्याचं आणि सासुरवाडी सांगलीची. साताऱ्याचे मामा कोर्टात शिरस्तेदार होते आणि सासरे मिरजेला एका दवाखान्यात कंपाउंडर. लॅटिन दोघांनाही येत नव्हतं आणि दोघंही जन्मभर लॅटिनवरच जगले. एकाचा कायद्याचा कोश पुठ्ठा निघून सुतळीने बांधलेला, दुसऱ्याचं औषधांचं पुस्तक खोकल्याच्या मिक्श्चरने चिकट झालेलं. लग्नात विहिणींची मानपानावरून गाठ पडली, पण या दोघांची 'स्टेटस को' या शब्दाच्या उच्चारावरून पडली, आणि तो वाद शेवटपर्यंत जैसे थे राहिला.

मामांचं म्हणणं सरळ होतं. उसनं भांडं वापरायचं तर घासून परत द्यावं. लॅटिन वापरायचं तर ते काय म्हणतं आहे ते आधी माहीत करून घ्यावं, नाहीतर आपली मराठी काय वाईट आहे? संध्याकाळी चार भिंतींच्या टेकडीकडे फिरायला निघाले की ते रस्त्यातल्या वकिलांच्या पाट्या तपासत. 'बी.ए., एल्एल. बी.' या पाटीसमोर मला उभं करून विचारायचे, "दोन एल् कशाला रे?" मी गप्प. मग सांगायचे की लॅटिनमध्ये संक्षेप करताना अनेकवचन दाखवायला अक्षर दुप्पट करतात. 'लेगुम' म्हणजे कायद्यांचा. एक नव्हे, अनेक कायद्यांचा पदवीधर. "हे ज्या वकिलाला ठाऊक नसेल त्यानं एकच एल् लावावा," असं म्हणून ते पुढे चालू लागत, "आणि फी निम्मी घ्यावी."

'ॲफिडेव्हिट' हे त्यांच्या मते जगातलं सर्वांत फसवं नाम. कारण मुळात ते नामच नाही, अख्खं वाक्य आहे: 'त्याने शपथेवर सांगितलं आहे.' लोक येऊन म्हणायचे, "रावसाहेब, एक ॲफिडेव्हिट करायचंय." म्हणजे, रावसाहेब, एक 'त्याने शपथेवर सांगितलं आहे' करायचं आहे. 'अलिबी'ची तीच गत. त्याचा अर्थ नुसता 'दुसरीकडे'. गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो, एवढंच सांगायला हा शब्द कोर्टात आला. पुढे इंग्रजीत त्याचा अर्थ पातळ होत होत 'सबब' एवढाच उरला. मामांना ते बिलकूल खपत नसे. "उशीर का झाला, तर सायकल पंक्चर, ही सबब. अलिबी नव्हे. अलिबी म्हणजे तू त्या वेळी वाठारला होतास आणि वाठारच्या दहा माणसांनी तुला बघितलं."

'आय. ई.' आणि 'ई. जी.' यांतला फरक मला त्यांनी एका वाक्यात शिकवला, तो पुढे कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात इतका स्वच्छ मिळाला नाही. 'इद एस्त' म्हणजे 'म्हणजे'. 'एक्झेंप्लि ग्रातिया' म्हणजे 'उदाहरणार्थ'. साताऱ्याची मिठाई, ई. जी. कंदी पेढा, असं लिहिलं तर ठीक. आय. ई. कंदी पेढा असं लिहिलं तर साताऱ्यात दुसरी मिठाईच नाही असा अर्थ निघतो. एवढं सांगून ते जरा थांबले आणि म्हणाले, "आता तेही काही अगदी खोटं नाही म्हणा."

न्यायालयाने आपण होऊन एखादी दखल घेतली की वर्तमानपत्रं ठळक अक्षरांत 'सुओ मोटो' छापतात. तिथे खरं म्हणजे 'मोटू' हवं. 'सुओ मोटू', स्वतःच्या हालचालीने. मामा लाल पेन्सिलीने तो 'ओ' खोडत आणि पेपर परत घडी करून ठेवत. हल्ली मी घरात 'मोटू'चा आग्रह धरतो तेव्हा नातवंडं 'पतलू कुठंय?' म्हणून विचारतात. त्याच पिढीतली मोठी मंडळी कॉलेजच्या मेळाव्याला जाऊन आली की इंग्रजीत सांगतात, मी अमुक कॉलेजचा 'अलुम्नाय' आहे. एकटा माणूस 'अलुम्नस' असतो, बाई 'अलुम्ना', आणि 'अलुम्नाय' व्हायला निदान दोघं तरी लागतात. स्वतःला आदरार्थी अनेकवचन लावायची मराठी माणसाची सवय लॅटिनमध्येही सुटत नाही, असंच समजायचं. 'अँड एटसेट्रा' म्हणणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. 'एट' म्हणजेच 'आणि'. ते 'आणि आणि इतर' म्हणतात.

पण खरी गंमत 'इन कॅमेरा'ची. 'कॅमेरा' म्हणजे लॅटिनमध्ये खोली. न्यायाधीशांच्या खोलीत, दार लावून, लोकांना बाहेर ठेवून जे काम चालतं ते इन कॅमेरा. फोटो काढायच्या यंत्राला ते नाव नंतर मिळालं, तेही 'अंधारी खोली' या अर्थाने. आता आपल्या मराठी बातम्या वाचा. खटल्याची सुनावणी इन कॅमेरा झाली, म्हणजे कुणालाही बघू दिली नाही. आणि त्याच पानावर शवविच्छेदन इन कॅमेरा झालं, म्हणजे सगळ्यांना पुढे बघता यावं म्हणून त्याचं चित्रीकरण केलं. एकच शब्द, एकाच पानावर, एकमेकांकडे पाठ करून उभा. मामा असते तर त्या दिवशी लाल पेन्सिल मोडली असती.

बोनाफाईडच्या बाबतीत मात्र माझं आणि मामांचं कधी पटलं नाही. 'बोना फिदे' म्हणजे सद्भावनेने, खऱ्या नियतीने. इंग्रजीत तसंच वापरतात, आणि 'फाइड्स' असा शेवटी स आला की ते नाम होतं, तेही एकवचनी, हे पुष्कळ साहेबांनाही ठाऊक नसतं. आपण काय केलं? शाळेत जाऊन 'बोनाफाईड द्या' म्हणायला लागलो. सद्भावनेचा एक कागद झाला, त्याच्यावर गोल शिक्का आला. शेजारच्या एका मुलीची शिष्यवृत्ती या कागदावाचून अडली होती. शाळेतले कारकून रजेवर, शिक्का त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. बाप रोजगार बुडवून चार दिवस हेलपाटे घालत होता. मुलगी वर्गात रोज हजर, मास्तर तिला नावानं ओळखत होते, पण तिची सद्भावना कपाटात बंद. मामा म्हणाले, "शब्दच चुकीचा वापरल्यावर दुसरं काय होणार?" मला ते पटलं नाही. शब्द कसाही असो, किल्ली बाकावर असती तर पोरीचं काम झालं असतं. आणि चार पिढ्या ज्या शब्दाला आपण घरात वाढवलं, त्याला आता तुझा बाप कोण म्हणून विचारायचं नसतं.

सासऱ्यांचं लॅटिन निराळं. ते औषधी होतं. विल्यम वानलेस या डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये मिरजेत सुरू झालं आणि पुढे सगळं गावच वैद्यकाला वाहिलं गेलं. तंबोरे आणि तपासण्या या दोन गोष्टींसाठी लांबून लांबून माणसं मिरजेला येत. या गावात चिठ्ठीवरचं लॅटिन वाचता येणारा कंपाउंडर म्हणजे अर्धा डॉक्टरच. चिठ्ठीच्या डोक्यावर जो 'आर' पाय फाकून उभा असतो तो 'रेसिपे' या शब्दाचा. अर्थ, 'घे'. सासरे म्हणायचे, "लोकांना वाटतं ते रोग्याला सांगितलंय. छे! ते मला सांगितलंय. हे घे, ते घे, खल कर, बाटलीत भर. रोग्यानं काय घ्यायचं ते खाली असतं." खाली असायचं 'बी. डी.', म्हणजे 'बिस दिए', दिवसातून दोनदा. 'टी. डी. एस.' म्हणजे तीनदा. (पगारपत्रकावर हीच तीन अक्षरं आली की महिन्यातून एकदाच, पण चांगली लागतात.) 'एच. एस.' म्हणजे झोपायच्या वेळी. 'ए. सी.' म्हणजे 'अँटे सिबुम', जेवणाआधी. एका शेठजींनी हे वाचून विचारलं होतं की आमच्याकडे नुसता पंखा आहे, चालेल का?

यात हसण्यासारखं आहे तसं न हसण्यासारखंही आहे. सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचा गुडघा धरला होता. डॉक्टरांनी दुखण्यावर गोळी दिली आणि पुढे लिहिलं 'एस. ओ. एस.' त्यांचं लॅटिन अगदी बिनचूक होतं: 'सि ओपुस सित', म्हणजे गरज पडली तर. पण घरात इंग्रजी शिकणारा नातू होता. त्याने सांगितलं, आजी, हा जहाज बुडायला लागल्यावर करायचा पुकारा आहे. (तो पुकारा खरं तर कशाचाच संक्षेप नाही, तारायंत्रावर ओळखायला सोपा म्हणून निवडलेला ठोका आहे, पण नातवंडांना सगळंच माहीत असतं.) आत्याबाईंनी मग जहाज बुडेपर्यंत थांबायचं ठरवलं. तीन रात्री उशाला गोळी ठेवून त्या कण्हत बसल्या. चौथ्या दिवशी सासरे गेले तेव्हा म्हणाल्या, "अजून तेवढी वेळ आलेली नाही रे." सासरे तापट नव्हते. पण त्या दिवशी मिरजेला परत येताना टांग्यात ते एक शब्द बोलले नाहीत.

त्यांची स्वतःची रीत या सगळ्यापलीकडची होती. मिक्श्चरच्या बाटलीला बाहेरून ते पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवत, तिला कात्रीने दोन्ही बाजूंनी खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. ज्या शेतकऱ्याला अक्षर ओळखता येत नाही त्यालाही कळायचं की औषध या खाचेपासून त्या खाचेपर्यंत उतरवायचं. डॉक्टरांचं 'तेर दिए सुमेंदुम' त्या कात्रीतून जायचं आणि पलीकडे मराठी होऊन निघायचं. यापेक्षा चांगलं भाषांतर मी कुठे पाहिलेलं नाही.

आता आपण लॅटिनला हसतो खरे, पण आपल्या घरात काय कमी होतं? पेशवे दप्तरातली पत्रं पाहावीत. साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे, लिहिणारा कारकून चांगला स्नानसंध्या करणारा, आणि पत्राच्या डोक्यावर साल घालतो 'सबा खमसैन मया व अलफ'. हे अरबी आहे. सात, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे ११५७, आणि आपल्या इंग्रजी हिशेबाने १७५६-५७. त्या कारकुनाला अरबीचं दुसरं अक्षर येत नसेल, पण याच्याशिवाय पत्राला पत्रपण नव्हतं. पत्र पुरं झालं की 'मोर्तब सूद'. ते फारसी. त्याचा एक पाय मोडून आपण 'शिक्कामोर्तब' केलं आणि आजही करतो. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्द काढून संस्कृत घातले. तरीही 'वगैरे' हा अरबी शब्द टिकलाच. त्याचा अर्थ 'आणि त्याखेरीज इतर', थेट एटसेट्राचा सख्खा भाऊ. संस्कृतचंही आपण तेच केलं. 'किं बहुना?' म्हणजे 'जास्त काय सांगावं?' आपला वक्ता 'किंबहुना' म्हणतो आणि पुढे अर्धा तास बोलतो.

दप्तरातल्या भाषेला अशी अडगळ लागतेच, हे मामांना मान्य होतं. त्यांचं दुखणं वेगळं होतं. एकदा टेकडीवर बसलेलो असताना खालच्या गावाकडे हात करून ते म्हणाले, "हे गाव शब्दापायी गेलेलं आहे. म्हणून मला शब्दाचा अर्थ लागतो."

त्याची हकिकत अशी. १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं, ते त्यांना, त्यांच्या वारसांना आणि पुढच्यांना. १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांना बसवलं. आप्पासाहेब १८४८ च्या एप्रिलमध्ये वारले. पोटी मूल नव्हतं, म्हणून मरणशय्येवर त्यांनी दत्तक घेतला. कलकत्त्याला लॉर्ड डलहौसी नुकतेच येऊन बसले होते. दत्तक मुलगा राजाच्या खाजगी मालमत्तेचा वारस होईल, राज्याचा नाही, असं ठरलं. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांनी विरोध केला, तो बाजूला पडला. राज्य 'लॅप्स' झालं. 'लाप्सुस' म्हणजे लॅटिनमध्ये घसरणं, पाय सटकून पडणं. शब्द किती सभ्य बघा. कुणी ढकललं नाही, कुणी ओढलं नाही, आपलं घसरलं. मामा म्हणायचे, विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स होते, पण निदान ती चूक तुमची असते. झाशी, नागपूर नंतर. घसरायचा पहिला मान साताऱ्याचा.

प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते या अन्यायाची दाद मागायला लंडनला जाऊन बसले होते, ते सुमारे चौदा वर्षं. अर्ज, पत्रकं, सभा, कंपनीच्या भागधारकांपुढे भाषणं. महाराज काशीत वारले, राज्यही लॅप्स झालं, तरी हा माणूस थंडीत तिथेच. चौदा वर्षं त्यांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: कोणत्या अधिकाराने? उत्तर मिळालं नाही. परत आले, आणि १८५७ मध्ये त्यांचं नाव कटात निघालं. ते निसटले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम साताऱ्यात मारला गेला. गेंडामाळावर त्या वर्षी सतरा माणसांना देहांत शिक्षा झाली, काहींना तोफेच्या तोंडी.

साताऱ्याला 'डी ज्युरी' आणि 'डी फॅक्टो' ही जोडी समजावून सांगावी लागत नाही, असं मामा अभिमानाने सांगत. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, तेव्हापासून हक्काने राजा साताऱ्यात आणि प्रत्यक्षात कारभार पुण्यात. तरीही प्रत्येक नव्या पेशव्याला पेशवाईची वस्त्रं साताऱ्याच्या गादीकडूनच घ्यावी लागत. डी फॅक्टोला अंगावर घालायला कापड मात्र डी ज्युरीच्या कपाटातलं! दोनशे वर्षांनी चित्र उलटं झालं. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच जिल्ह्यात चालू झालं. कागदोपत्री सरकार कलेक्टरसाहेबांचं, पण कुंडलच्या बाजूला भांडण तोडायचं असलं, सावकाराला वठणीवर आणायचं असलं, दारूची भट्टी मोडायची असली, तर लोक कुणाकडे जात होते? त्या न्यायाला स्टँप लागत नव्हता आणि लॅटिनही. त्याच वर्षी जुलैमध्ये वसंतदादा पाटील सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. 'हेबियस कॉर्पस' म्हणजे कैद्याचा देह कोर्टापुढे हजर कर. दादांनी कोर्टाला तसदी न देता देह परस्पर बाहेर काढला. खांद्यात गोळी बसली आणि ते पुन्हा पकडले गेले, ही गोष्ट सांगताना मात्र मामा विनोद करत नसत.

(हे सगळं तेव्हा एकाच सातारा जिल्ह्यात आणि आसपासच्या संस्थानांत घडलं. १९४९ मध्ये संस्थानं मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्यामुळे प्रतिसरकार कुणाचं, या प्रश्नावर माझं आजोळ आणि सासुरवाडी यांच्यात आजही डी ज्युरी-डी फॅक्टो चालू असतं.)

मामांच्या टेबलाच्या काचेखाली एक तारीख लिहिलेली चिठ्ठी होती: ७ नोव्हेंबर १९००. त्या दिवशी राजवाडा चौकातल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचं नाव दाखल झालं. भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मामा चिठ्ठी लिहीत होते तेव्हा तो कुणीच पाळत नव्हतं. या मुलाला पुढे मुंबईच्या शाळेत संस्कृत घेऊ दिलं नाही, म्हणून त्याने फारसी घेतली. ज्याला आपल्या देशाच्या मेलेल्या भाषेपाशी फिरकू दिलं नाही, त्याने रोमच्या मेलेल्या भाषेला कामाला लावलं. घटनेच्या बत्तिसाव्या अनुच्छेदात ती नावं ओळीने उभी आहेत: हेबियस कॉर्पस, मँडॅमस, प्रोहिबिशन, क्वो वॉरंटो, सर्शिओरारी. घटनेचा आत्मा कोणता, असं कुणी विचारलं तर मी या अनुच्छेदाकडे बोट दाखवीन, असं बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं होतं. पूर्वी या नावांचे हुकूम राजाच्या नावाने निघत. आता ते मागायला एस.टी.ने आलेला कुणीही माणूस जाऊ शकतो.

ते शब्द नुसते भिंतीवर टांगून ठेवले तर काय होतं, तेही पाहून झालं आहे. आणीबाणीत, १९७६ च्या एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चौघांनी सांगितलं की सध्या हेबियस कॉर्पस मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना नाही म्हणाले. तो निकाल पुसायला २०१७ साल उजाडलं. त्या एप्रिलमध्ये मामांनी लाल पेन्सिल हातात घेतली नाही. छापलं होतं ते सगळं व्याकरणशुद्ध होतं.

या पाचांत मामांचा लाडका कोण, तर क्वो वॉरंटो. 'कोणत्या अधिकाराने?' एखादा माणूस सरकारी खुर्चीत हक्क नसताना बसला असेल तर त्याला हे विचारायचं असतं. घटनेच्या मराठी प्रतीत याला 'क्वाधिकार' म्हटलं आहे. 'क्व' हे संस्कृत, म्हणजे कुठे. क्व अधिकार, कुठे आहे तुझा अधिकार? आणि लॅटिन 'क्वो' आणि संस्कृत 'क्व' हे फार जुन्या काळी एकाच घरातून वेगळे निघालेले भाऊ. सरकारी परिभाषा करणाऱ्यांना आपण एरवी नावं ठेवतो. 'ॲड हॉक'ला 'तदर्थ' म्हटलं म्हणून हसतो, तेही खरं तर अक्षरशः बरोबर आहे, दोन्हींचा अर्थ 'याच्यासाठी'. (त्या तदर्थ समित्या काम संपल्यावरही वर्षानुवर्षं जगतात, ही चूक भाषेची नव्हे.) पण ज्याला क्वाधिकार सुचला त्याला मी कंदी पेढे पाठवले असते.

हे शस्त्र मामांनी आयुष्यात एकदाच उपसलं, तेही निवृत्तीनंतर. ते एका पतसंस्थेचे सभासद होते. अध्यक्षांची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं, निवडणुकीचं नाव नव्हतं. मध्यंतरी कर्जवसुलीच्या नोटिसा भलत्याच माणसांना गेल्या होत्या, त्यांत एक विधवा होती, जिच्या नवऱ्याने कर्ज कधीच फेडलं होतं. वार्षिक सभेची नोटीस आली. तिच्यात ते अमर वाक्य होतंच: कोरमअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने भरेल व त्या सभेस कोरमची आवश्यकता राहणार नाही. 'कोरम' म्हणजे 'ज्यांपैकी'. साहेबाच्या राज्यात न्यायाधीश नेमायच्या हुकुमात 'ज्यांपैकी तुम्ही एक असावं अशी आमची इच्छा आहे' असं लिहीत, त्यातला हा सुटलेला शब्द. ज्यांपैकी कुणीच आले नाहीत तर अर्ध्या तासाने जे असतील त्यांचंच राज्य, ही त्यावरची आपली सुधारणा.

मी त्या दिवशी साताऱ्यात होतो, मामांनी सोबत नेलं. सभा ठरल्याप्रमाणे कोरमअभावी तहकूब झाली, चहा झाला, अर्ध्या तासाने तीच माणसं त्याच खुर्च्यांवर पुन्हा बसली. अहवाल वाचला, ताळेबंद मंजूर, 'आयत्या वेळी येणारे विषय' एवढंच उरलं. मामा उठले. टोपी सारखी केली. खणखणीत आवाजात म्हणाले, "क्वो वॉरंटो?"

अध्यक्षांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. सेक्रेटरी वाकून कानात म्हणाले, पण माइक चालू होता. "साहेब, कोटा वाढवून मागतायत."

"बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ," अध्यक्ष म्हणाले.

मामा बसले नाहीत. मागच्या रांगेत पटका बांधलेले एक म्हातारे होते, कोर्टात तारखा करून करून हाडं झिजलेले. ते काठीवर भार देऊन उठले.

"अवो अध्यक्षसायेब, कोटा न्हाय. त्ये इचारत्यात, तुमी कोण टिकोजीराव?"

त्या सभेचं इतिवृत्त मी नंतर वाचलं. त्यात असं नोंदलं आहे की, एका सभासदांनी मा. अध्यक्षांच्या अधिकाराबाबत विचारणा केली, त्यावर साधकबाधक चर्चा होऊन जैसे थे ठेवण्याचे ठरले. विधवेची नोटीस मात्र दुसऱ्या दिवशी मागे घेतली गेली. ती इतिवृत्तात नाही.